कुस्तीतील पंचनिर्णय व त्यांवरील वाद

कुस्तीच्या लढतीत गुण, इशारे, निष्क्रियता आणि चीतपट यांविषयी पंच जे निवाडे देतात, त्यांना पंचनिर्णय म्हणतात. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ आणि भालाफेकीत मोजपट्टी निकाल देते. कुस्तीत असे तटस्थ साधन नसते. खांदे टेकले की नाही, पाठ किती कलली, डाव आधी कोणी टाकला, या प्रश्नांची उत्तरे पंचांच्या डोळ्यांवर अवलंबून असतात. त्यामुळे सारख्या स्थितीला दोन लढतींत, किंवा एकाच लढतीच्या दोन टप्प्यांत, वेगवेगळा निवाडा मिळाल्याची तक्रार या खेळात वारंवार होते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत २०२३ आणि २०२५ या वर्षी झालेल्या वादांमुळे या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांसह जेथे यात्रेतील मातीची कुस्ती आणि स्पर्धेतील गादीची कुस्ती एकाच वेळी नांदतात, तेथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण या दोन प्रकारांत निवाड्याची कल्पनाच वेगळी आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र केसरी स्पर्धेला १९६१ मध्ये औरंगाबाद येथे प्रारंभ झाला. त्यानंतरच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही स्पर्धा धुळे येथे झाली व भगवान मोरे विजेते ठरले. १९६६ ची स्पर्धा जळगाव येथे झाली. तिचे विजेतेपद दीनानाथसिंह यांनी मिळवले. म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या सहा वर्षांत खानदेशाला दोनदा यजमानपद लाभले. पुढे जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा हे विजेतेपद पटकावले. त्यांच्याआधी सलग तीन विजेतेपदांची कामगिरी नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ या काळात केली होती. चौधरी नंतर महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाले.

स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र विजेता ठरतो आणि ते दोघे किताबासाठी एकमेकांशी लढतात. त्यामुळे एका विभागातील एका निवाड्याचा परिणाम थेट किताबाच्या लढतीत कोण उतरणार यावर होतो.

मातीतील निवाडा

यात्रेच्या किंवा उरुसाच्या निमित्ताने भरणाऱ्या कुस्त्यांच्या दंगलीत परंपरेने निकाली कुस्ती खेळली जाते. तिच्यात गुण मोजले जात नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे, म्हणजेच त्याला अस्मान दाखवणे, हा एकच निकाल मानला जातो. बराच वेळ कोणी चीत झाला नाही, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटून देतात. पंच बहुधा जुने पहिलवान, वस्ताद किंवा गावातील मान्यवर असतात. त्यांचा अधिकार लेखी नियमांतून येत नाही. तो त्यांच्या अनुभवातून आणि गावातील पतीतून येतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण या अधिकारामागची धारणा नेमकी सांगते.

या पद्धतीचा एक मोठा गुण असा, की निकाल सहसा सर्वांना दिसतो. आखाड्याभोवती बसलेल्या प्रेक्षकांनाही कोण चीत झाला हे कळते. पाठीला लागलेली माती हाही एक पुरावा समजला जातो. मात्र हा पुरावा पूर्ण विश्वासार्ह नसतो. कुस्तीला सुरुवात करताना पहिलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात, आणि खाली बसून चाललेल्या झटापटीत पाठ न टेकताही ती मातीने माखू शकते. त्यामुळे ‘पाठ लागली’ आणि ‘पाठ लागली नाही’ हा वाद मातीतही होतोच. फरक इतकाच, की असा वाद झाला तर पंच पुष्कळदा कुस्ती पुन्हा लावतात किंवा बरोबरीत सोडवतात. संशयाचा फायदा कोणा एकाला देण्याऐवजी निकालच मागे घेण्याची ही सोय गुणांच्या कुस्तीत उपलब्ध नाही.

गादीवरील निवाड्याची पद्धत

गादीवरील कुस्ती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळली जाते. मुक्त शैलीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात व त्यांच्या मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. निवाडा तीन अधिकारी मिळून देतात. पहिले गादीवरील पंच; ते पहिलवानांसोबत फिरतात आणि हातांच्या बोटांनी गुण दाखवतात. त्यांच्या डाव्या मनगटावर लाल व उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्या रंगाच्या पहिलवानाला गुण द्यायचा त्या रंगाचा हात वर होतो. दुसरे बाजूचे पंच आणि तिसरे मॅट प्रमुख. गुण मान्य होण्यासाठी तिघांपैकी दोघांचे एकमत लागते.

मुक्त शैलीतील प्रमुख गुण पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रतिस्पर्ध्याचा एक पाय रिंगणाबाहेर घालवणे : १ गुण
• खालच्या स्थितीतून सुटून वर येऊन ताबा मिळवणे : १ गुण
• प्रतिस्पर्ध्याला खाली आणून मागे जाऊन ताबा घेणे : २ गुण
• खालच्या स्थितीत प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे फिरवणे : २ गुण
• उभ्या स्थितीतून फेकून थेट धोक्याच्या स्थितीत नेणे : ४ गुण
• मोठ्या उंचीवरून कमानीसारखी फेक करणे : ५ गुण

दहा गुणांची आघाडी मिळाल्यास तांत्रिक श्रेष्ठतेच्या आधारे लढत तेथेच संपते. गुण समान झाल्यास अधिक मोलाचे डाव कोणी केले हे प्रथम पाहतात, नंतर कोणाला कमी ताकिदी मिळाल्या हे, आणि तरीही समानता असल्यास शेवटचा गुण कोणाचा हे पाहिले जाते. म्हणून अखेरच्या काही सेकंदांतील एका गुणाचे वजन पहिल्या मिनिटातील त्याच गुणापेक्षा पुष्कळ जास्त ठरू शकते.

दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले आणि पंचांना पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ ते दाबून धरले गेले, तर चीतपट होते. अशा वेळी धावफलकावर काहीही गुण असले तरी लढत संपते. गादीवरील पंचांनी बाजूच्या पंचांची किंवा मॅट प्रमुखांची संमती घेतल्यावरच चीतपट जाहीर करायची असते.

विसंगती कोठून येते

निवाड्यांतील फरकाला नेहमीच पक्षपात कारणीभूत असतो असे नाही. नियमांच्या रचनेतच काही जागा अशा आहेत, की जेथे दोन प्रामाणिक पंचांचे मत वेगळे पडू शकते.

पाहण्याचा कोन : चीतपटीच्या क्षणी वरच्या पहिलवानाचे शरीर खालच्याच्या खांद्याला झाकते. एका बाजूने दोन्ही खांदे टेकलेले दिसतात, तर दुसऱ्या बाजूने एका खांद्याखाली फट दिसते. पंच गुडघे टेकून, डोके गादीजवळ नेऊन पाहतात ते यासाठीच. प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य हे पंचांना दिसलेल्या दृश्याहून वेगळे असते.

कालावधी : खांदे किती वेळ टेकलेले असावेत यासाठी आकडे मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय कुस्तीत नाही. ताबा ‘दिसला पाहिजे’ एवढीच अपेक्षा आहे. एखादे पंच क्षणभराच्या स्पर्शावर हात आपटतात, तर दुसरे पंच थोडे थांबतात.

धोक्याची स्थिती : पाठ आणि गादी यांच्यातील कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला की पहिलवान धोक्याच्या स्थितीत आला असे मानतात. हा कोन मोजण्याचे यंत्र गादीवर नसते. वेगाने पडणारा पहिलवान त्या रेषेच्या कोणत्या बाजूला होता, यावर दोन गुण की चार गुण हे ठरते. टांग, ढाक, कलाजंग यांसारख्या डावांत शरीर हवेतच वळत असल्याने हा निवाडा विशेष कठीण असतो.

निष्क्रियता : जो पहिलवान केवळ बचाव करतो त्याला आधी समज दिली जाते. त्यानंतर ३० सेकंदांचा अवधी देतात आणि त्यात कोणालाच गुण मिळाला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण दिला जातो. बचाव कोठे संपतो आणि टाळाटाळ कोठे सुरू होते, याची रेषा प्रत्येक पंच आपल्या समजुतीने आखतो. गुणांवर संपणाऱ्या कमी गुणांच्या लढतींत हाच गुण निर्णायक ठरण्याचा संभव असतो.

डाव आणि प्रतिडाव : एकाने पट काढला आणि दुसऱ्याने त्याच हालचालीत त्याला पलटी दिली, तर गुण कोणाचा हे डावाची सुरुवात आणि शेवट कोठे मानायचा यावर अवलंबून असते.

परिस्थितीचा दबाव : गर्दीचा आवाज, स्थानिक पहिलवानाविषयीचा जिव्हाळा आणि आधीच्या वादग्रस्त निवाड्याची भरपाई करण्याची इच्छा यांचाही परिणाम होऊ शकतो. असा परिणाम पुष्कळदा पंचांच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

चूक आणि विसंगती

पंचनिर्णयांवरील चर्चेत चूक आणि विसंगती या दोन गोष्टींची सरमिसळ होते. नियमाने जे व्हायला हवे होते ते न होणे ही चूक. एकाच स्थितीला कधी एक तर कधी दुसरा निवाडा मिळणे ही विसंगती. प्रत्येक वेळी लवकर समज देणारे पंच कडक असतील, पण ते सुसंगत असतात. पहिल्या मिनिटातच त्यांचा कल ओळखून पहिलवान आपला खेळ बदलू शकतो. ज्या पंचांचा निकष मिनिटागणिक बदलतो, त्यांच्यापुढे मात्र कोणताही डावपेच उपयोगी पडत नाही. पुढे जाऊन आक्रमण करावे तर प्रतिडावाचा गुण प्रतिस्पर्ध्याला जाण्याची भीती आणि थांबावे तर निष्क्रियतेची भीती, अशा कोंडीत पहिलवान सापडतो. खेळाडूंचा संताप कडकपणापेक्षा या अनिश्चिततेतून अधिक प्रमाणात उद्भवतो.

दुसरे कारण पारदर्शकतेच्या अभावाचे आहे. गुण दाखवला जातो, परंतु तो का दिला हे सांगितले जात नाही. दोन गुणांऐवजी चार का, या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास पराभूत बाजू आपल्या परीने उत्तर शोधते, आणि ते बहुधा पक्षपाताचे असते.

महाराष्ट्रातील प्रमुख वाद

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील कोथरूड येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाची अंतिम लढत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. गायकवाड यांनी लावलेल्या बाहेरील टांगेला चार गुण देण्यात आले. शेख धोक्याच्या स्थितीत गेले होते का, यावर मतभेद निर्माण झाला आणि लढतीची चित्रफीत समाजमाध्यमांवर वारंवार दाखवली गेली. वाद इतका वाढला की पंचांना दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांकडे करण्यात आली. किताबाच्या लढतीत शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना हरवले. शेख यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे झालेल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीतपट केल्याचा निर्णय देण्यात आला. आपले खांदे पूर्णपणे टेकले नव्हते असे राक्षे यांचे म्हणणे होते. त्यांनी चित्रफीत पाहण्याची मागणी केली आणि वादावादीत पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांनी शेवटच्या क्षणांतील गुणावर आक्षेप घेत आखाडा सोडला व मोहोळ विजयी घोषित झाले. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. २००७ व २००८ चे विजेते चंद्रहार पाटील यांनी या घटनांच्या पार्श्वभूमीवर २००९ च्या आपल्या लढतीतील निवाड्याची तक्रार पुन्हा मांडली आणि मिळालेल्या गदा परत करण्याची भूमिका घेतली. सोळा वर्षांनंतरही एखादा निवाडा खेळाडूच्या मनातून जात नाही, हे त्यातून दिसून आले.

याच काळात राज्यात कुस्तीच्या दोन संघटना समांतर काम करत होत्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगाव आणि धाराशिव येथे, तर २०२५ मध्ये अहिल्यानगर आणि कर्जत येथे, महाराष्ट्र केसरी या एकाच नावाने दोन-दोन स्पर्धा झाल्या. पंचांची नेमणूक, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्याविरुद्धची दाद यांसाठी एकच सर्वमान्य व्यवस्था असणे अशा स्थितीत कठीण असते.

दाद मागण्याची साधने

आंतरराष्ट्रीय नियमांत चॅलेंजची तरतूद आहे. पंचांचा निवाडा मान्य नसल्यास पहिलवानाच्या संमतीने त्याचा प्रशिक्षक गादीवर स्पंजचा तुकडा टाकतो. त्यानंतर त्या प्रसंगाची चित्रफीत पाहून निर्णय होतो. दावा खरा ठरल्यास गुण बदलतात आणि चॅलेंजचा हक्क शिल्लक राहतो. दावा फेटाळला गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या लढतीत पुन्हा चॅलेंज करता येत नाही. ऊठसूट आक्षेप घेतले जाऊ नयेत यासाठी ही किंमत ठेवलेली आहे.

या साधनाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे, जेथे चित्रीकरणाची अधिकृत व्यवस्था आहे तेथेच ते वापरता येते. दुसरी मर्यादा चीतपटीची आहे. चीतपटीची खातरजमा घोषणेपूर्वीच अधिकाऱ्यांनी आपसांत करायची असल्याने ती चॅलेंजचा विषय मानली जात नाही. लढत संपवणारा सर्वांत मोठा निवाडा अशा रीतीने पडताळणीच्या बाहेर राहतो. त्यामुळे घोषणेपूर्वी संमती घेण्याची पायरी घाईत उरकली गेली, तर पुढे दाद मागायला फारसा वाव उरत नाही.

दाद मागणाऱ्या व्यवस्थेच्या अभावाचे जुने उदाहरण म्हणून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा उल्लेख होतो. तेथे कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता लगेच सोव्हिएत पहिलवानाविरुद्ध उतरवले गेले आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. नियम पहिलवानाच्या बाजूने असला, तरी तो तेथे सांगणारे कोणी नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

इतर खेळांशी तुलना

हीच अडचण इतर खेळांतही आहे. बेसबॉलमध्ये चेंडू फटका मारण्याजोग्या पट्ट्यातून गेला तर तो ‘स्ट्राइक’ आणि न गेल्यास ‘बॉल’ ठरतो. या पट्ट्याची रुंदी १७ इंच निश्चित आहे, पण त्याची उंची फलंदाजाच्या शरीरावर ठरते आणि तो हवेत आखलेला नसतो. फलंदाज बाद होण्याच्या बेतात असताना पंचांचा पट्टा लहान होतो आणि उलट परिस्थितीत मोठा होतो, हे मोजमापांतून आढळले आहे. दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक लीगने २०२४ पासून हा निवाडा यंत्राकडे सोपवला. अमेरिकेच्या मेजर लीगने मात्र २०२६ च्या हंगामासाठी पंचांचा निवाडा कायम ठेवून संघांना मर्यादित चॅलेंज देण्याचा मार्ग निवडला.

क्रिकेटमधील पायचीतच्या निर्णयांसाठी २००८ पासून पुनरावलोकन पद्धतीचा वापर सुरू झाला. तिच्यात यंत्राचा अंदाज काठावरचा असल्यास मैदानावरील पंचांचाच निर्णय कायम राहतो. कुस्तीत मात्र चेंडूच्या मार्गासारखी एकच रेषा नसते. दोन शरीरे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून कुस्तीत चित्रफितीचा उपयोग अंतिम उत्तर म्हणून होण्यापेक्षा पंचांना दुसरा कोन मिळवून देण्यासाठी अधिक होतो.

जिल्हा पातळीवरील परिणाम

राज्यस्तरीय वादांची चर्चा होते, कारण तेथे कॅमेरे असतात. परंतु पहिलवानाचा राज्य स्पर्धेपर्यंतचा मार्ग जिल्हा निवड चाचणीतून जातो. जळगाव किंवा धुळे जिल्ह्याच्या चाचणीत हरलेल्या मल्लाला त्या वर्षी राज्याची गादी दिसत नाही. चित्रीकरणाची अधिकृत व्यवस्था नसलेल्या चाचणीत चॅलेंजही उरत नाही, आणि पंचांचा शब्द शेवटचा ठरतो.

त्या शब्दावर बरेच काही अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ विहित पातळीच्या स्पर्धांमधील कामगिरीवर मिळतो. शेतकरी कुटुंबातील मल्लाचा दूध, बदाम, तूप यांचा खुराक आणि तालमीचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. पोलीस किंवा अन्य सेवेतील नोकरी ही त्या खर्चामागची प्रमुख आशा असते. कुस्तीचे वय मर्यादित असल्याने गमावलेले एक वर्ष भरून निघत नाही.

अशा पातळीवर महागड्या यंत्रणेशिवायही काही उपाय शक्य असतात. लढतीपूर्वी दोन्ही पहिलवानांना व प्रशिक्षकांना नियम समजावून सांगणे, माती आणि गादी यांच्या निवाड्यांतील फरक स्पष्ट करणे, पहिलवानाच्या गावाशी किंवा तालमीशी संबंध असलेल्या पंचांना त्याच्या लढतीवर न नेमणे, चीतपटीपूर्वी दुसऱ्या पंचांची संमती सर्वांना दिसेल अशी घेणे आणि वादग्रस्त गुणाचे कारण तेथेच मोठ्याने सांगणे, हे त्यांपैकी काही होत. यांतून प्रत्येक निवाडा अचूक होईल असे नाही. परंतु तो सर्वांना सारख्याच मापाने दिला गेला, हे पराभूत पहिलवानालाही पाहता येते.